साहेब जेवत नाहीत

७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर थोडक्यात बोलता येत नाही, त्यामुळे पत्रच बरं. शिवाय पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, हा माझा मोठा फायदा.

पाळणाघरात लागून मला पाच आठवडे झाले. आई अजून फुगलेली आहे. "पदवी घेऊन शेवटी शेंबडंच पुसायची होती तर आधी सांगायचंस, शेजारपाजारची पोरं आणून दिली असती," असं दिवसातून एकदा तरी ऐकवते. पण मला काम आवडलंय, मावशी. आमची जागा एका शिवणाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खालच्या मशीनची घरघर सुरू झाली की आमची मंडळी पेंगायला लागतात, आणि ज्या दिवशी कारखाना बंद त्या दिवशी एकही डोळा मिटत नाही. माझ्याकडे सगळ्यात लहानांची खोली आहे, एक ते दोन वर्षांची सहा जणं. दिवसभर काय करतेस म्हणशील, तर हात धुणं, भरवणं, डायपर बदलणं आणि निजवणं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये जो काही वेळ उरतो त्यात ती एकमेकांचे केस ओढतात.

आता मुद्द्यावर येते. घोडं अडलंय ते एका सोळा महिन्यांच्या गृहस्थापाशी. मी त्याला साहेब म्हणते. टेबलाशी असा ताठ बसतो आणि समोर आणलेली वाटी अशी बघतो, की आपण अर्ज घेऊन उभे आहोत आणि अर्ज नामंजूर होणार हे आधीच कळतं. येऊन दहा दिवस झाले, साहेबांनी इथे एक घास खाल्लेला नाही. पाण्याचे दोन घोट, बस्स. डायपर बदलायला घेतलं की अंगाची फळी करतो. रडत नाही, हेच जास्त वाईट. नुसता आढ्याकडे बघत राहतो.

त्याची आई बस चालवते. नवीनच लागली आहे, तीन महिने चाचणीवर. सकाळी सहाला त्याला दारात देते आणि दोनला न्यायला येते. घरी दोघंच. आजी होती ती आता मामाकडे राहायला गेली. घरी गेल्यावर हा पोटभर जेवतो म्हणे, पण तोवर आठ तास उपाशी. वजन उतरायला लागलंय. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी, परवा त्याच्या आईला स्पष्ट सांगितलं: "महिनाअखेरपर्यंत मूल इथे जेवायला लागलं नाही, तर मला ठेवता येणार नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी माझी." बाईंचं चुकलं असंही नाही. पण ती दारात उभी होती, गणवेशात, हातात त्याची चिमुकली पिशवी. एवढंच म्हणाली, "मग मला स्टिअरिंग सोडावं लागेल."

तू एकतीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढलीस. सांग, मी काय करू?

तुझी,
टकळी


११ ऑगस्ट

टकळे,

आशीर्वाद आधी घे, बोलणी नंतर खा.

तुझ्या पत्राची चार पानं वाचून मला एवढंच कळलं, की तू त्या पोरासमोर फार वेळ उभी राहतेस. वाटी घेऊन उभी, रुमाल घेऊन उभी, आणि तोंडाचा पट्टा चालू. मूल काय समजेल? ही बाई घाबरलेली आहे. मुलांना घाबरट माणसाच्या हातून काही करून घ्यायला आवडत नाही. तुला तरी आवडेल का?

आमच्या वॉर्डात अठ्ठावीस बाळांच्या आंघोळी सकाळी आठच्या आत व्हायच्या. डॉक्टर फेरीला आले की रांगेत अठ्ठावीस चकचकीत चेहरे. कसं जमायचं? हात चालवायचा, तोंड नाही. नाक पुसायचं ते मुलाला कळायच्या आत पुसून झालेलं असलं पाहिजे. मागून जायचं, एका हाताने कपाळ धरायचं, दुसऱ्या हाताने काम उरकायचं. भरवताना खिडकीकडे बोट दाखवायचं, तोंड उघडलं की चमचा आत. त्याला विचारत बसलीस तर तो नाहीच म्हणणार. सोळा महिन्यांच्या माणसाला दुसरं येतं काय?

सहाही जणांचं एकदम करत जा. सगळ्यांचे हात, मग सगळ्यांची तोंडं, मग सगळ्यांचे डायपर. तक्ता कर आणि भिंतीवर लाव. आठ दिवसांत साहेब सरळ होतील.

अक्षर तिरपं आलंय, कारण आडवी पडून लिहिते आहे. निवृत्त माणसाने आळस करायचा नाही तर कुणी करायचा?

तुझ्या आईला सांग, शेंबूड पुसणं हे पदवीपेक्षा अवघड आहे, आणि तिचाही मीच पुसलाय.

मावशी


१८ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझा सल्ला शिरोधार्य मानला. त्याचा परिणाम ऐकायला नीट बसून घे.

मी तक्ता केला. रंगीत केला. सोमवारी सहाही जणांचं हात-तोंड-डायपर बावीस मिनिटांत उरकलं. मोठ्या बाई दारातून बघून गेल्या आणि म्हणाल्या, "वा, शिस्त आली." मी दिवसभर हवेत.

मंगळवारी भोंग्याने रुमाल बघितल्याबरोबर भोंगा वाजवला. (भोंगा म्हणजे आमची तेरा महिन्यांची कन्या. तिचा आवाज खाली मशीनवरच्या बायकांनाही ऐकू जातो.) तिचं ऐकून जुळ्यांनी सूर धरला. बुधवारी चार जणं एका सुरात. आणि साहेब? साहेब भिंतीला पाठ लावून चालायला लागले! खरंच सांगते, मावशी. खेळण्यापर्यंत जायचं असलं तरी खोलीला वळसा घालून जातो, पाठ भिंतीला घासत, डोळे माझ्यावर. मागून कुणी येऊ नये म्हणून. मी बघत राहिले आणि मला हसू आलं, आणि मग लगेच इतकं रडू आलं की बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

गुरुवारी खिडकीचा प्रयोग केला. बोट दाखवलं, त्याने बघितलं, तोंड किंचित उघडलं, मी चमचा सारला. त्याने घास थुंकला आणि माझ्या मनगटाला चावला. आता तर चमचा नुसता दिसला तरी तोंड फिरवतो. आधी निदान पाणी प्यायचा, तेही आता आई आल्यावरच.

माझ्या तर नाकी नऊ आलेत. तेरा दिवस उरले. त्याची आई रोज दोन वाजता जिना चढून येते, माझ्याकडे बघते, मी मान हलवते, ती "असू दे" म्हणते आणि त्याला उचलून घेते. चाचणीच्या महिन्यांत तिने एकही रजा घेतलेली नाही. उद्या गाडी सोडली तर पुन्हा घेणार नाहीत तिला.

तक्ता मी फाडून टाकलाय. रागावू नकोस.

आणि एक विचारू? पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात नव्हता. आतलं पत्र पेन्सिलीने होतं. तू तर पेन्सिलीने वाण्याची यादीसुद्धा लिहीत नाहीस. काय लपवते आहेस?

तुझी,
टकळी


२२ ऑगस्ट

लाडके टकळे,

पेन आडवं धरलं की शाई उतरत नाही, म्हणून पेन्सिल. पकडलंस शेवटी.

जुलैअखेरीस न्हाणीघरात घसरून पडले. कमरेचं हाड. महिनाभर पाठ टेकून. तुम्ही सगळे धावत येऊन माझ्या उशाशी रडत बसाल, म्हणून कळवलं नाही. आता कळलं, तरी येऊ नकोस. तुला तिकडे काम आहे.

माझं सगळं करायला एक बाई येते. माझ्याच वॉर्डात आया होती, माझ्याच हाताखाली तयार झालेली. हात काय चालतो तिचा! मी शिकवला तसाच. सकाळी मी डोळे उघडायच्या आत गार ओलं फडकं तोंडावर फिरतं. कूस कधी बदलली जाणार हे बदलून झाल्यावर कळतं. मी खिडकीबाहेर बघत असते तेव्हा चमचा ओठाशी येतो. काम स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि टकळे, पहिल्या आठ दिवसांत मला त्या बाईचा इतका राग यायला लागला, की तिच्या चपलांचा आवाज जिन्यात आला तरी अंग आकसायचं.

तुझं पत्र आलं त्या दुपारी तिने चमचा पुढे केला आणि मी तोंड मिटलं. घट्ट. वय वर्षं एकाहत्तर, बाळांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर, आणि आमटीच्या चमच्यासमोर दात आवळून पडलेली. ती म्हणाली, "सिस्टर, असं काय लहान मुलासारखं?" आणि मला तुझा साहेब दिसला, भिंतीला पाठ लावून चालणारा.

मला लाज वाटली. एकतीस वर्षांत किती बाळं या हातांखालून गेली. एकालाही मी कधी सांगितलं नाही, की बाळा, आता पाणी घालते हं. वाटायचं, त्यांना काय कळतंय.

तेव्हा माझं आधीचं पत्र चुलीत घाल. समोरून जा. काय करणार ते सांग, आणि मग थांब. तुझी टकळी मी उगाच बंद करायला सांगितली. ती चालू दे, फक्त त्याच्याशी, त्याच्या चेहऱ्याकडे बघून.

अजून एक. तो घरी जेवतो ना? मग घरी कुणीतरी काहीतरी वेगळं करत असणार. त्याच्या आईला विचारू नकोस, तिला सांगता यायचं नाही. रोजच्या हाताला आपण काय करतो ते त्याचं त्याला माहीत नसतं. तिला करायला लाव आणि तिचे हात बघ.

मावशी


२९ ऑगस्ट

प्रिय मावशी,

आधी तुझ्यावर रागावते. महिनाभर पडून राहिलीस आणि वर आळसाचं सोंग! आईला अजून सांगितलेलं नाही, पण तू कळवायला उशीर केलास तर मी सांगेन. हाड नीट जुळू दे, मग भांडू.

आता ऐक. आमच्याकडे नियम आहे, आईवडिलांनी दारापर्यंतच यायचं. आत आले की पोरं जास्त रडतात, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. मी बाईंकडे गेले आणि अर्धा तास मागितला. म्हटलं, साहेबांच्या आईला सुट्टीच्या दिवशी आत येऊ द्या, फक्त एकदा. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि सहाही जणांनी रडून खोली डोक्यावर घेतली तर?" "तर मी निस्तरीन." "अर्धा तास," बाई म्हणाल्या, "एकतीस मिनिटं नाही."

ती आली. सुट्टी असूनही गणवेशात आली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही घरी करता तसं त्याचं सगळं करा. मी नुसती बघते." ती संकोचली. "घरी आमचं जरा वेड्यासारखं असतं." म्हटलं, इथे कोण शहाणं आहे?

मग तिने त्याला बेसिनपाशी उभं केलं, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि गाडीत सांगतात तशा आवाजात म्हणाली, "पुढचा थांबा, डावा हात." आणि थांबली. काही केलं नाही. साहेबांनी विचार केला, बोट पुढे केलं आणि तिच्या गणवेशाचं वरचं मोठं बटण दाबलं. ती म्हणाली, "टिंग." आणि साहेबांनी, मावशी, साहेबांनी स्वतःहून डावा हात पुढे केला!

उजवा हात. टिंग. तोंड. टिंग. डायपर बदलताना "पुढचा थांबा, उजवा पाय", की पाय आपोआप वर. तो फळीसारखा पोरगा! मी तोंडावर हात धरून बघत होते. भोंगासुद्धा रांगत जवळ आली आणि गप्प बसून बघायला लागली.

मी विचारलं, हे कुठून काढलंत? ती लाजली. प्रशिक्षणात मार्गावरचे एक्केचाळीस थांबे पाठ करायचे होते. वेळ कुठला? याला आंघोळ घालताना म्हणायची. एकदा थांब्याऐवजी चुकून "गुडघा" म्हणाली आणि हा खदखदून हसला, तेव्हापासून हेच. आणि बटण? तर ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. नियम आहे." मग हळूच म्हणाली, "हे काय तुम्हाला सांगायचं, असं वाटलं. तुम्ही शिकलेल्या."

बिचारा महिनाभर बेल शोधत होता, मावशी. आणि आम्ही सगळे त्याच्या अंगावर गाड्या घालत होतो.

माझ्या एप्रनला बटणच नाही, नुसत्या नाड्या. खाली कारखान्यात गेले. तिथल्या बायकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोटाचं एक भलंमोठं बटण स्वतः टाचून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांसमोर बसले आणि म्हटलं, "पुढचा थांबा, उजवा हात." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याला माझी कीव आली. मार्ग चुकला होता! आधी डावा असतो. मी माफी मागितली आणि डावा म्हटलं. त्याने बटण बघितलं, नखाने खरवडलं, खात्री करून घेतली. इतका वेळ घेतला की माझे पाय भरून आले. आणि मग दाबलं. मी टिंग म्हटलं आणि त्याने डावा हात पुढे केला.

हात झाले, डायपर झाला, कुरकुर नाही. जेवताना तीन चमचे गेले. चौथ्याला बटणच दाबलं नाही, मी चमचा खाली ठेवला. काल पाच. आज सहा आणि अर्धं केळं.

पण मोठ्या बाईंना सहा चमचे पुरेसे नाहीत. "वाटी रिकामी दिसली पाहिजे," म्हणतात. "सहा चमच्यांवर मूल आठ तास काढू शकत नाही, आणि तुलाही ते माहीत आहे." माहीत आहे, तेच तर वाईट. परवा एकतीस तारीख. दुसरीकडे एकाला समोरून सांगून करायला बसलं की बाकीच्या पाच जणांचा वेळ वाढतो. बावीस मिनिटांचं काम आता तासावर गेलंय. गंमत म्हणजे रडणं मात्र कमी झालंय. आपली पाळी येईपर्यंत ती दुसऱ्याचं बघत बसतात.

कळवते.

तुझी,
टकळी


२ सप्टेंबर

टकळे,

कळवते म्हणजे कधी? पोस्टमन येऊन गेला आणि त्याने विजेचं बिल दिलं. मी काय बिल वाचू?

माझ्याकडची बातमी घे. बाईला मी सांगितलं, की मला आधी सांगत जा आणि मग हात लाव. तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सिस्टर, विचारत बसू नको, हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी. मी तेव्हा एका बाळाशी गप्पा मारत होते, तर तुम्ही ओरडलात." मला आठवेना. तिला तारीख आठवत होती. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की माझं हाड दुखलं, आणि हसता हसता मी तिची माफी मागितली. तिने पदराने डोळे पुसले आणि पुन्हा कमरेवर हात ठेवले.

आता ती सांगते. गरम पाणी आणलं की आधी मला त्यात बोट घालू देते. काल तिच्या खांद्यावर हात ठेवून चार पावलं चालले. कधी उठायचं ते मी ठरवलं.

बावीस मिनिटांचा तास झाला म्हणून रडू नकोस. त्या तासाचं तू दुसरं काय करणार होतीस? मुलांच्या वाट्याला येतो तो हाच वेळ. बाकीचा वेळ ती आपापली खेळतात.

पण एकतीसला काय झालं? आत्ता लिही. उभ्याने लिही.

मावशी


५ सप्टेंबर

प्रिय मावशी,

आधी लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की मला पुन्हा रडू यायचं आणि कागद खराब व्हायचा. घाबरू नकोस, पूर्ण वाच.

एकतीसला सकाळी साहेब आले ते पेंगुळलेले. आल्या आल्या माझ्या मांडीवर लवंडले. आजवर तो इथे दहा मिनिटांच्या वर झोपला नव्हता, सारखा एक डोळा उघडा. त्या दिवशी खालची मशीन सुरू झाली आणि त्याने दोन्ही डोळे मिटले, तसं मी त्याला गादीवर निजवलं. दहा वाजले, अकरा वाजले, जेवणाची वेळ झाली. बाकीच्यांची जेवणं उरकली. मोठ्या बाई दोनदा येऊन गेल्या. "उठवायचं नाही का? आज कोणती तारीख आहे?" मी म्हटलं, "माहीत आहे. पण झोपेतून उचलून बसवणार नाही." आवाज माझाच होता, पण मलाच नवीन वाटला. बाई वळून निघून गेल्या. माझी नोकरीही त्याच्याबरोबर जाणार, असं मी मनाशी धरलं.

दुपारी सव्वा वाजता जागा झाला. जांभई दिली, इकडेतिकडे बघितलं, आणि काय केलं असेल? उठून थेट बेसिनपाशी जाऊन उभा राहिला. माझी वाट बघत. सगळं रीतसर झालं, एकही थांबा न गाळता. मग टेबलाशी बसला, मऊ भात आणि गाजर. चार चमचे मी भरवले. पाचव्याला त्याने चमचा माझ्या हातातून काढून घेतला.

मावशी, अर्धा भात गालावर, काही कानात, एक शीत भुवईवर. पण पोटातही जात होता. मी हात मांडीवर ठेवून बसले. पुसायला नुसते शिवशिवत होते, पण ठेवले.

बरोबर दोनला त्याची आई जिना चढून आली. रोजच्यासारखी दारातच थांबली. चेहरा उतरलेला. काय ऐकायला लागणार हे धरूनच आली होती. तिने त्याला बघितलं. हात पसरले, नेहमीसारखे. साहेबांनी मान वर केली, आईकडे बघून भाताने माखलेलं हसले. आणि पुन्हा वाटीत डोकं घातलं.

तिचे हात तसेच पसरलेले राहिले. मला म्हणाली, "ओळखलं ना मला?" म्हटलं, "ओळखलं. पण जेवतायत." ती हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "महिनाभर याने खावं म्हणून माझा जीव टांगणीला," म्हणाली, "आणि आता हा माझ्याकडे बघायलाही तयार नाही!"

मोठ्या बाई माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांनी वाटीकडे बघितलं, त्याच्या भुवईवरच्या शिताकडे बघितलं. मग पोरांची एक बुटकी खुर्ची स्वतः उचलून आणली, दाराच्या आत टेबलाशी ठेवली आणि त्याच्या आईला म्हणाल्या, "बसा. त्याला अजून वेळ लागेल. उद्यापासूनही सहालाच आणा."

ती गणवेशात, गुडघे हनुवटीशी येतील अशा त्या खुर्चीवर बसली. तिची पाळी संपली होती, कुठे जायचं नव्हतं. साहेबांनी दुसऱ्यांदा भात मागितला. तो संपेपर्यंत ती बसून राहिली.

तुझी,
टकळी